प्रबंध कुठे बांधून घेतला, असं विचारणाऱ्यांसाठी

माझी पीएच.डी.ची मौखिकी मार्चमध्ये झाली. तेव्हापासून कॉलेजातल्या आणि ओळखीतल्या पाच-सहा जणींनी तरी विचारलं, की प्रबंधाची अक्षरजुळणी कुणाकडून करून घेतलीस, बांधणी कुठे केलीस, किती पैसे घेतले. प्रत्येकीला फोनवर तेच सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते, म्हणजे अनोळखी कुणाच्याही उपयोगी पडेल.

दुकानाचं नाव लिहीत नाही. लिहू का, असं मी दुकानातल्या काकांना विचारलं होतं. ते म्हणाले, "नको ताई. दोघांचं दुकान आहे. एकदम गर्दी झाली तर हातचं काम बिघडेल." ज्यांना खरोखर हवं आहे त्यांना मी समक्ष पत्ता देईन. एवढं सांगते, की दुकान पुण्यात नारायण पेठेत आहे, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर, अप्पा बळवंत चौकातून चालत सात-आठ मिनिटांवर. बाहेर पाटी आहे पण ती जिन्याआड गेली आहे, त्यामुळे पहिल्यांदा जाणारा पुढे निघून जातो. काका बांधणी करतात आणि त्यांची सून संगणकाचं सगळं काम बघते. तिला सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही वहिनीच लिहिते.

माझा विषय मुळशी तालुक्यातल्या जात्यावरच्या ओव्या. मी ज्युनियर कॉलेजात मराठी शिकवते, त्यामुळे काम शनिवार-रविवारी आणि सुट्टीत. सात वर्षं लागली. नियमाप्रमाणे सहा वर्षांची मुदत असते, बायकांना दोन वर्षं वाढवून मिळतात, त्यातलं एक मी वापरलं. ओव्यांचं फार मोठं संकलन गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी करून ठेवलं आहे, एक लाखाहून जास्त ओव्या आहेत त्यात, आणि त्या कामापुढे माझ्या ११ गावांतल्या ६१२ ओव्या म्हणजे ओंजळभर पाणी. पण मी अर्थाकडून न जाता उच्चाराकडून गेले. बाई दळताना 'ग्वाड' म्हणते, 'त्वांड' म्हणते, 'म्होरं' म्हणते. जात्याच्या फेऱ्याबरोबर तो शब्द कसा ओढला जातो, कुठे आखडतो, हा माझा प्रश्न. म्हणजे माझ्या प्रबंधात शब्दाचं लेखन हीच सामग्री आहे. ते बदललं तर उरलं काय?

आणि नेमकं तेच बदललं गेलं होतं. या दुकानात येण्याआधी मी दुसऱ्या एका ठिकाणी काम दिलं होतं. माणूस भला होता, हात भरभर चालायचा. त्यानं २१२ पानं जुळवून दिली आणि वर अभिमानानं सांगितलं, "मॅडम, तुमच्या शुद्धलेखनाच्या चुका खूप होत्या, सगळ्या काढून टाकल्या." घरी येऊन पहिलं प्रकरण उघडलं तर सगळीकडे 'गोड', 'तोंड', 'पुढे'. आजीबाईंच्या तोंडचं सगळं पाठ्यपुस्तकासारखं झालेलं. त्याच्या हेतूत काही खोट नव्हती. पण मी स्वयंपाकघरात जाऊन बराच वेळ नुसती उभी राहिले. रेकॉर्डिंग लावून एकेक ओवी परत ताडून बघायला मला तीन आठवडे लागले, आणि तेवढ्यात पूर्व-सादरीकरणाची, म्हणजे प्रबंध दाखल करण्याआधीच्या सादरीकरणाची, तारीख अगदी तोंडावर आली.

नारायण पेठेतल्या दुकानाचा पत्ता मला आमच्या कॉलेजच्या वनस्पतिशास्त्राच्या मॅडमनी दिला. त्यांच्या प्रबंधात लॅटिन नावं होती, ती सगळी तिरक्या अक्षरात लागतात आणि जातीच्या नावाचं पहिलं अक्षर लहान ठेवावं लागतं. त्या म्हणाल्या, "तिथे जातीचं एकही नाव कुणी मोठ्या अक्षरानं सुरू केलं नाही. मी सांगायच्या आधी त्यांनीच विचारलं."

हे 'विचारलं' मला तेव्हा फारसं जाणवलं नव्हतं. वहिनींकडे शंकांची वही असते. साधी दोनशे पानी, पुठ्ठ्याची. प्रत्येक प्रबंधाला त्यात काही पानं. पान क्रमांक, ओळ, आणि पुढे शंका. मी फाइल देऊन आले आणि पाचव्या दिवशी त्यांचा निरोप आला, की वेळ काढून या, फोनवर होणार नाही. गेले तर माझ्या नावाखाली ७३ शंका लिहून ठेवलेल्या. आम्ही दोघी बाकावर बसलो आणि एकेक करत गेलो.

"पान ६१, 'ग्वाड'. असंच?"

"असंच."

"मग ८८ वर 'गोड' आहे. ओवीत नाही, तुमच्या वाक्यात आहे. तिथे गोडच ना?"

"हो, तिथे गोडच."

"पान १४२, 'म्होरं'. १४३ वर 'मोहरं'. बाई एकच आहे, खाली नाव एकच दिलंय. मुद्दाम आहे का?"

मी खात्रीनं सांगू शकले नाही. घरी जाऊन रेकॉर्डिंग लावलं. आजी दोन्ही वेळा 'म्होरं' म्हणत होत्या. १४३ वरची चूक माझी होती. मार्गदर्शकांच्या नजरेतून सुटली होती, माझ्या नजरेतून तर सात वर्षं सुटली होती, आणि ती सापडली एका अशा बाईला जिचा ओव्यांशी कामापुरताही संबंध नव्हता. मी तसं म्हटलं तेव्हा वहिनी एवढंच म्हणाल्या, "मला त्यातलं कळत नाही, म्हणून तर प्रत्येक अक्षर बघावं लागतं." हे वाक्य मी माझ्या बारावीच्या मुलांना सांगते आता.

आता फाँटबद्दल, कारण मराठीत प्रबंध लिहिणाऱ्या प्रत्येकाला हे कधीतरी भोवतं. माझी आधीची २१२ पानं युनिकोड, म्हणजे प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, यायच्या आधीच्या फाँटमध्ये होती. त्यात पडद्यावर 'अ' दिसतो, पण संगणकाच्या लेखी तो 'अ' नसतो. इंग्रजी अक्षराच्या जागेवर मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असतं. छापून काढलं तर काही बिघडत नाही. पण आता प्रबंध नुसता छापून भागत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांपासून प्रबंधाची संगणकीय प्रत द्यावी लागते आणि ती गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या 'शोधगंगा' या भांडारात जाते. आज तिथे पाच लाखांहून जास्त प्रबंध आहेत, कुणालाही फुकट वाचता येतात. मी स्वतः या सात वर्षांत तिथून किती उतरवून वाचले याची मोजदाद नाही. आसामी लोकगीतांवरचं काही वाचलं, कन्नड बोलींवरचं वाचलं. घरबसल्या. माझ्यासारख्या गावाकडून नोकरीला जाऊन-येऊन शिकणाऱ्या बाईला ही केवढी सोय आहे हे शब्दांत सांगता येणार नाही. पण जुन्या फाँटमधला मराठी प्रबंध तिथे गेला, की तो दिसतो आणि सापडत मात्र नाही. त्यात 'जातं' हा शब्द शोधा, एकदाही मिळणार नाही. दोष भांडाराचा नाही, आपण पाठवलेल्या फाइलचा आहे. मजकूर कुठून उचललाय का हे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरलाही तो मजकूर म्हणजे निरर्थक इंग्रजी अक्षरांची रांग वाटते.

वहिनींनी ती सगळी पानं युनिकोडमध्ये आणली. रूपांतर यंत्रानं होतं, त्याला पाच मिनिटं पुरतात. पुढचं काम हाताचं. रूपांतरात सगळ्यात जास्त मार खातो तो आपला 'ऱ्या'. 'दळणाऱ्या', 'सासऱ्याच्या', 'दुसऱ्या' हे शब्द माझ्याकडे पानोपानी. काही ठिकाणी 'दुसर्या' झालं होतं, म्हणजे वर रफार चढलेला. ते डोळ्याला तरी दिसतं. पण हा चंद्रकोरीसारखा र संगणकात दोन वेगवेगळ्या पद्धतींनी लिहिता येतो, आणि दोन्ही दिसायला अगदी सारखे. एका पद्धतीनं शोधलं तर दुसऱ्या पद्धतीचे शब्द निसटतात. हे मला माहीत नव्हतं. मराठीची इतकी वर्षं शिक्षिका असून कुणी कधी सांगितलं नव्हतं. वहिनींनी पडद्यावर 'दळणाऱ्या' शोधून दाखवलं, ३८ ठिकाणी मिळालं. मग दुसऱ्या पद्धतीनं शोधून दाखवलं, आणखी २१ ठिकाणी. सगळे त्यांनी एका पद्धतीत आणले. शिवाय फाँट निवडताना त्यांनी पाकळीचा ल आणि देठाचा श असलेला निवडला. २००९ च्या शासन निर्णयात मराठीसाठी हीच वळणं दिलेली आहेत, आणि बाजारात मिळणारे निम्मेअधिक फाँट हिंदीच्या वळणाचे. मराठीच्या प्रबंधात मराठीचा ल असावा, असं मला मनापासून वाटत होतं पण मागायचा संकोच होता. मागावं लागलंच नाही.

संगणकाच्या टेबलामागे काकांची बाजू. तिथे खळीचा वास, रेक्झिनचे गुंडाळे, कागद कापायचं जुनं लोखंडी यंत्र. आणि फळीवर रांगेनं प्रबंध. मी पहिल्यांदा त्या फळीसमोर उभी राहिले तेव्हा नुसती नावं वाचत गेले. रसायनशास्त्र, त्याच्या शेजारी संस्कृत, मग व्यवस्थापन, मग प्राणिशास्त्र, एक नव्वद-पंच्याण्णव पानांचा गणिताचा अगदी बारीक, आणि त्याच्या टेकूला इतिहासाचा पाचशे पानांचा. पुणे विद्यापीठात आम्ही कधी एकमेकांच्या इमारतीत जात नाही. माझी त्यातली सगळी ये-जा मराठी विभाग, जयकर ग्रंथालय आणि मुख्य इमारतीतली खिडकी एवढ्यापुरती. गणिताचा प्रबंध जाडीला किती असतो हे मी पहिल्यांदा त्या फळीवर पाहिलं.

काकांसाठी विषय म्हणजे कागदाची जात आणि पानाची दिशा. रसायनवाल्यांकडे आलेखांची आडवी पानं खूप असतात. ती लावताना पानाचा माथा शिलाईच्या बाजूला यायला हवा, नाहीतर वाचणाऱ्याला प्रबंध उलटा फिरवावा लागतो. प्राणिशास्त्राच्या रंगीत पानांचा कागद गुळगुळीत असतो, त्याला खळ कमी लावायची. संस्कृतवाल्यांकडे रोमन अक्षरांवर टिंबं आणि आडव्या रेघा असतात, छपाई फिकी आली तर 'ण' आणि 'न' यांतला फरकच जातो, म्हणून त्यांची पहिली दहा पानं काका खिडकीपाशी नेऊन बघतात. आणि सगळ्यांना एकच सक्त सूचना: डावा समास दीड इंच. सुटी पानं एकावर एक रचून कडेला भोकं पाडून शिवायची असतात, त्यात पाऊण इंच जातो. समास कमी असेल तर ओळीची सुरुवातच शिलाईत जाते. काका अशी फाइल परत पाठवतात. ते स्वतः समास बदलत नाहीत. "पानं सरकली की अनुक्रमणिका चुकणार, आणि ती चूक माझ्या नावावर नाही, तुमच्या नावावर जाणार," असं म्हणतात.

इथे एक दुपार सविस्तर सांगायला हवी. ही पूर्व-सादरीकरणाच्या वेळची गोष्ट, म्हणजे मी तेव्हा नुसती स्पायरल प्रत करून घ्यायला गेले होते आणि मजकुरात बदल करायला वाव होता. दुकानात बसायला एकच बाक. त्यावर एक मुलगा बसलेला, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांचा, जालन्याकडचा, भूशास्त्राचा. त्याच्या प्रबंधात घडीचा नकाशा होता, घाटातल्या खडकाच्या थरांचा, उघडला की टेबलभर. काका त्याची घडी घालत होते. असा नकाशा तसाच शिवला तर पुढची कड फुगते आणि पाठ बारीक राहते, म्हणून शिलाईच्या बाजूला तेवढ्याच जाडीच्या कागदी पट्ट्या घालाव्या लागतात. काका पट्टी कापायचे, बोटानं जाडी अजमावायचे, अजून एक घालायचे. वेळ लागणार होता.

माझी प्रत टेबलावर उघडी होती, परिशिष्टातल्या जात्यांच्या फोटोंवर. मुलानं मान वाकडी करून बघितलं आणि विचारलं, "मॅडम, हा दगड कुठला?"

मी सांगितलं, पौडच्या पलीकडल्या गावातलं जातं आहे. तो म्हणाला, जातं कुठलं ते नाही, दगड कुठला? आणला कुठून?

मला उत्तर देता आलं नाही. सात वर्षं मी जात्यावरच्या शब्दांवर लिहीत होते, आणि जातं ज्या दगडाचं त्याबद्दल माझ्या प्रबंधात एक ओळ नव्हती. तो मुलगा उत्साहानं सांगायला लागला. आपल्या सगळ्या सह्याद्रीचा हा काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, साधारण सहा कोटी साठ लाख वर्षांपूर्वीचा. दख्खनच्या पठारावर आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर तो पसरलेला आहे. थरावर थर. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहतात, म्हणून तिथला दगड भोकाभोकांचा, आणि मधला भाग घट्ट. भोकांत पुढे पाण्याबरोबर येऊन खनिजं जमतात. वाघोलीच्या खाणींत अशाच पोकळ्यांमध्ये कॅव्हन्साइट नावाचं निळं खनिज सापडतं, जगभरचे संग्राहक त्यासाठी वेडे असतात. मग त्यानं माझ्या फोटोवर बोट ठेवलं. "यात बघा, बारीक भोकं आहेत. असा दगड झिजला तरी नवीन भोकांच्या कडा उघड्या पडतात, म्हणून खरखरीत राहतो. शेजारच्या फोटोतला घट्ट आहे. तो गुळगुळीत होणार, त्याला सारखी टाकी लावावी, म्हणजे छिन्नीनं टोचून परत खरखरीत करावं लागत असणार."

टाकी! माझ्या ओव्यांमध्ये टाकी आणि पाथरवट कितीतरी वेळा येतात. मी ते सगळं रूपक म्हणून वाचलं होतं. बाईच्या जिवावर पडणारे घाव, असा अर्थ लावून दीड पान लिहिलं होतं, आणि ते मार्गदर्शकांना आवडलंही होतं.

पुढच्या रविवारी मी मुळशीत गेले आणि या वेळी शब्द न विचारता दगड विचारला. आजी चकित झाल्या, इतकी वर्षं ही बाई येते आणि आज कुठे कामाचं विचारते, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. त्यांनी सगळं सांगितलं. भोकांचा दगड लवकर मठ्ठ होत नाही पण कच सोडतो. टाकी लावली की पहिल्यांदा मूठभर कोंडा भरडून टाकायचा, म्हणजे कच निघून जाते, मगच धान्य. पाथरवट आला की त्याला पैसे नाहीत, धान्य. आणि ते धान्य सासूच्या हातातून जायचं, म्हणून टाकी कधी लावायची हे सून ठरवू शकत नसे. जातं बोथट, दळण जड, आणि तोंडातून शब्द काढायचा नाही. मग तो शब्द ओवीत निघायचा. म्हणजे माझं रूपक खोटं नव्हतं. पण त्याच्या बुडाशी खरोखरीचा दगड होता, खरोखरीची मजुरी होती, आणि मी ती पायरी गाळून वर चढले होते. तिसऱ्या प्रकरणात चार पानं नव्यानं लिहिली. त्या मुलाचे नाव घेऊन आभार मानले आहेत. त्यालाही माझ्याकडून काहीतरी मिळालं. म्हाताऱ्या बायकांना दगड कुठल्या टेपाडावरून यायचा ते आठवत होतं, आणि ती ठिकाणं मी त्याला नकाशावर दाखवली. त्यानं पेन्सिलीनं खुणा करून घेतल्या.

हे दुकानाचं श्रेय आहे का? मला वाटतं आहे. तिथे कामाची घाई नसते, प्रबंध उघडा पडलेला असतो आणि तो बघायला कुणाला संकोच वाटत नाही. चर्चासत्रांना मी पुष्कळ गेले. तिथे मराठीवाले मराठीवाल्यांना भेटतात.

उणिवाही सांगते, कारण त्या खऱ्या आहेत आणि तुम्हाला त्यांचा हिशेब धरावा लागेल. कबूल केलेल्या तारखेपेक्षा माझं काम चार दिवस उशिरा मिळालं. शेवटची तारीख डोक्यावर असलेल्या माणसाला चार दिवस म्हणजे काय, हे मी काकांना स्पष्ट बोलले, आणि त्यांनी ऐकून घेतलं. दुपारी एक ते चार दुकान बंद. फोन बहुधा उचलत नाहीत, निरोप ठेवला तर रात्री उत्तर येतं. माझ्या चार प्रतींपैकी एकीच्या पाठीवरच्या सोनेरी अक्षरांत सालाचा शेवटचा आकडा नीट उमटला नव्हता. घरी आल्यावर लक्षात आलं. परत नेली तर एका शब्दानंही वाद न घालता पाठ नव्यानं करून दिली, पण माझा अर्धा दिवस गेला. तेव्हा प्रती तिथेच उजेडात उघडून, पाठ-पोट बघून घ्या. आज द्या, संध्याकाळी न्या, असलं काम ते घेत नाहीत. तसं हवं असेल तर दुसरीकडे जा, तिथे चांगली यंत्रं आहेत आणि कामही वेगात होतं.

आणखी एक काम ते घेत नाहीत. मी बसलेली असताना एक गृहस्थ आले. चांगले कपडे, हातात चारचाकीची किल्ली. आवाज खाली करून विचारलं, "विषय ठरलाय. प्रकरणं लिहून मिळतील का? पैशाचं बघू." काकांनी हातातली सुई खाली ठेवली आणि म्हणाले, "आम्ही बांधतो फक्त." गृहस्थ गेले. असं विचारायला महिन्यातून किती जण येतात ते काकांनी मला सांगितलं. तो आकडा इथे लिहीत नाही, पण मला रात्री झोप लागली नाही. आठ-आठ वर्षं गावोगाव फिरून, प्रयोगशाळेत रात्री काढून लिहिणाऱ्यांच्या शेजारी, त्याच फळीवर, त्याच काळ्या रेक्झिनमध्ये विकत घेतलेला प्रबंध उभा राहतो आणि त्याच्या पाठीवरही सोनेरी अक्षरंच असतात. याबद्दल आपण शिक्षकांनी उघड बोललं पाहिजे.

पैशांचा हिशेब विचारतात म्हणून देते. प्रबंध ३१८ पानांचा, प्रती चार. काळी छपाई २९६ पानं, दीड रुपया पान, चार प्रतींचे १,७७६. रंगीत २२ पानं, दहा रुपये पान, ८८०. बांधणी प्रतीला ३५० प्रमाणे १,४००. फाँट बदलणं, दुरुस्ती, पानांची मांडणी हे सगळं मिळून पानाला २० रुपये, म्हणजे ६,३६०. एकूण १०,४१६ झाले, काकांनी वरचे सोळा सोडले. शोधगंगेसाठी प्रकरणवार वेगळ्या पीडीएफ फाइल करून दिल्या, त्याचे वेगळे घेतले नाहीत. हे माझ्या वेळचे दर आहेत. स्वस्त म्हणणार नाही. छपाई याहून कमीत होते. पण त्या वीस रुपयांत ७३ शंका आल्या, आणि त्यातल्या नऊ ठिकाणी मी खरोखर चुकले होते. मौखिकीत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकं पान १४३ उघडून ती ओवी मोठ्यानं वाचायला सांगितली होती.

जाताना काय न्यायचं: फाइल युनिकोडमध्ये असेल तर उत्तम, नसेल तर मूळ फाँटसकट न्या. डावा समास दीड इंच. बोलीतले, परभाषेतले किंवा जुन्या पोथीतले शब्द जसेच्या तसे ठेवायचे असतील तर त्यांची एक यादी करून द्या, वहिनींचा वेळ वाचतो. गणित आणि भौतिकशास्त्रवाले बहुतेक लाटेक या अक्षरजुळणीच्या प्रणालीत लिहितात, त्यांनी पीडीएफच न्यावी, वहिनी त्यात हात घालत नाहीत. आणि हातात किमान पंधरा दिवस ठेवून जा.

मागच्या आठवड्यात मी परत गेले होते. माझ्या गावोगावच्या नोंदींच्या सात वह्या आहेत, कोपरे दुमडलेल्या, एकीवर चहा सांडलेला. त्या एकत्र बांधून ठेवाव्यात असं मनात होतं. काकांनी वह्या एकावर एक ठेवल्या, कडा सारख्या करायला यंत्राकडे नेल्या, आणि तिथून परत घेऊन आले. "ताई, कडेला पेन्सिलीनं बारीक काहीतरी लिहिलंय. कापलं तर जाईल. कापू का?"

मी बघितलं. दळताना आजी मध्येच थांबून सुनेला काही सांगायच्या, ते मी घाईत कडेला लिहून ठेवलं होतं. ओवी नव्हती म्हणून कुठे घेतलं नव्हतं. कापू नका म्हटलं. कडा वेड्यावाकड्याच राहतील, असं ते म्हणाले. गुरुवारी न्यायला बोलावलं आहे.